परत सोडू नये

मार्चमधली पहाट. सरोवरापलीकडे हिरा डोंगरावर अजून बर्फ,
आणि पुलाच्या सातव्या खांबापाशी
माझी दोरी एकदम जड झाली.
वाटलं, गळ तळाला अडकला. सायकल असेल.
मागच्या साली एक निघाली होती, घंटीसकट.

मग तो तळच चालू लागला.

पुढचं नीट आठवत नाही. होडी वळली,
हात धरून ओढत नेलेल्या पोरासारखी निघाली त्याच्यामागे.
रिळाचा आवाज. माझ्या तोंडाला लोखंडाची चव;
जीभ चावली होती, ते नंतर कळलं.
एकदाच वर आला तो.
जबडा उघडला, आणि आत दिसलं
एक पांढरं, ओलं, रिकामं घर.
माझं डोकं सहज मावलं असतं त्यात.
मान झटकली त्यानं.
माझ्या छातीत काहीतरी सुटलं.
गळ सुटला नाही.

ओगुरानं दुकान नुकतंच उघडलेलं.
तीनदा तोलला. दोनदा चष्मा पुसला.
दहा किलो, दोनशे साठ.
फळ्यावर अकरा वर्षं बसून होता कुणी तेराउची,
नऊ किलो आठशेवाला;
त्याला ओगुरानं अंगठ्यानं पुसलं, जरा हळूच,
आणि माझं नाव लिहिलं. शिगेतो. एक रेघ चुकली.
मी काही बोललो नाही.

शाळेत निघालेली पोरं टबाभोवती उकिडवी बसली.
कल्ले हलत होते. एकानं विचारलं,
"काका, आता सोडणार ना याला?"
ओगुरानं नुसतं दाराकडे बोट केलं.
तिथे पाटी आहे, इथे सगळीकडेच आहे ती:
हा मासा पाण्यात परत सोडू नये.
आणि धक्क्यावर एक पेटी, पत्रपेटीसारखी,
बाहेरून आलेल्यांना टाकायला.

बाहेरून आला म्हणे. याचे खापरपणजोबा आले असतील,
कुणाच्या तरी डब्यातून.
हा इथलाच. याच गवतात जन्मला,
याच पुलाखाली वाढला. माझ्यासारखा.

पेटीपर्यंत गेलो. झाकण उचललं. वास आला.
ओल्या पोत्यात गुंडाळून त्याला घरी आणलं.

आमच्या कोठीत एके काळी अकरा पिंपं होती.
मिठात, मग भातात मुरणारे फुना मासे,
झाकणावर नदीतले गोटे.
आता एकच पिंप, तेही अर्धं.
"त्या मोठ्या तोंडाच्यांनी खाल्ले माझे,"
आई गेली तीस वर्षं हेच सांगते,
डॉक्टरला, टपालवाल्याला, बसमध्ये शेजारच्या बाईला.

फळीवर ठेवला तेव्हा तो गेलेला होता.
आई गुडघे मोडून बसली.
मला वाटलं, थुंकेल.
तिनं पोटावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा,
आणि म्हणाली, "अरे, बाई आहे ही.
भरलेली."

एवढा वेळ मी तो, तो म्हणत होतो.

मग सुरी मागितली. हात कापत नव्हते तिचे.
दोन्ही अंगांना गाभोळी, पिवळी, माझ्या हाताएवढी लांब.
आणि पोटात एक फुना,
कालचाच गिळलेला असावा, खवले शाबूत.

आई त्याच्याकडे बघत राहिली.
फुनाकडे की तिच्याकडे, सांगता येणार नाही.

संध्याकाळी तळलेले तुकडे शेजारी वाटले.
ओगुरा बिअर घेऊन आला, वजन पुन्हा सांगत बसला.
आईनं एक तुकडा खाल्ला. चावायला वेळ लावला.
"वाईट नाही," म्हणाली,
आणि ताटली पुढे केली.

रात्री कोठीत दिवा दिसला म्हणून उतरलो.
तो एकुलता फुना तिनं घासून धुतला होता,
कल्ल्यांतून मीठ भरलं होतं.
पिंपात ठेवला, झाकण लावलं,
गोटा मला उचलायला लावला.

"तीन वर्षांनी उघडू," म्हणाली.
येत्या जूनमध्ये तिला ब्याऐंशी लागेल.